रिकाम्या जागांची हजेरी

गेडनी कॉलेजातल्या पोरापोरींचे चेहरे आर्डेलिया मोब्लीला फारसे ओळखू यायचे नाहीत. तिला त्यांचे माथे ओळखू यायचे. कुणाचा भांग कुठून, कुणाच्या वेण्या किती, कुणाच्या डोक्यावर लहानपणीच्या जखमेची खूण, हे ती झोपेतही सांगू शकली असती. कारण एकेचाळीस वर्षं तिनं त्यांना वरूनच पाहिलं होतं.

दर मंगळवारी आणि गुरुवारी अकराला पाच कमी असताना ती चॅपलच्या मागच्या अरुंद जिन्यानं सज्ज्यात चढायची, कठड्याजवळच्या आपल्या खुर्चीत बसायची आणि मांडीवर हजेरीची वही उघडायची. कॉलेज चर्चचं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा उपासना सक्तीची आणि प्रत्येकाची बाकावरची जागा ठरलेली. आर्डेलिया माणसं मोजत नसे. माणसं मोजायला गेलं की चुकतं. ती हलतात, वाकतात, एकमेकांच्या खांद्यावर कलंडून झोपतात. ती रिकाम्या जागा मोजायची. बाकाच्या पाठीवरचा पितळी आकडा दिसला की वहीत त्या नावापुढे फुली. पहिलं गीत संपायच्या आत तिची नजर साडेचारशे जागांवरून फिरून आलेली असायची. एका सत्रात चार फुल्या माफ. पाचवी पडली की मे महिन्यात पदवीचा काळा झगा अंगावर चढायचा नाही. मग आणखी एक सत्र यायचं, नुसतं चॅपलला बसायला.

"वर देव बघतो आणि सज्ज्यातून मिस आर्डेलिया," पोरं म्हणायची. "देव निदान माफ तरी करतो."

हे तिच्या कानावर यायचं. तिला राग येत नसे. घरी गेल्यावर ती नवऱ्याला सांगायची आणि दोघं हसायची. नवरा टपालखात्यात होता. त्याला जाऊन आता वीस वर्षं झाली.

आता तिची चौऱ्याहत्तरी उलटली होती. चॅपलच्या दाराशी यंत्र बसलं होतं, पोरं आपापलं कार्ड त्याला दाखवून आत जायची आणि यंत्र टुक करून हजेरी लावायचं. तरी आर्डेलिया आठवड्यातून तीन सकाळी चॅपलच्या कचेरीत यायची, कारण नावांची पेटी अजून तिच्याकडे होती.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी गेडनीत संस्थापक-दिन असतो. बायका नखशिखान्त पांढऱ्या कपड्यात येतात, जुने विद्यार्थी अटलांटापासून शिकागोपर्यंत कुठून कुठून येतात. उपदेश झाला की वर्षभरात वारलेल्या माजी विद्यार्थ्यांची हजेरी घेतात. पाळक नाव वाचतात, पदवीचं साल वाचतात, आणि सभेतून कुणीतरी म्हणतं, "हजर." भाऊ म्हणतो, बायको म्हणते, वर्गातलं कुणी म्हणतं; आपलं माणूस कुणीच आलेलं नसलं तर शेजारच्या बाकावरचं कुणीही म्हणतं. पण उत्तर आल्याशिवाय पाळक पुढचं नाव घेत नाहीत. गेडनीचं माणूस मेलं म्हणून गैरहजर होत नाही. प्रत्येक नावाचं कार्ड आर्डेलिया स्वतःच्या हातानं लिहायची. कार्ड नसेल तर नाव नाही. आणि कार्ड फक्त पदवी घेतलेल्यांचं.

त्या वर्षी पेटीत एकतीस कार्डं होती. तिच्या मुलाचं त्यात नव्हतं.

लेमुएल नोव्हेंबरात गेला. सगळे त्याला लेम म्हणत. सत्तेचाळीस वर्षांचा होता. टेनेसीत महामार्गाच्या कडेला ट्रक उभे राहतात तिथं त्याचा ट्रक उभा होता, इंजिन चालू होतं, आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला होता. हृदय बंद पडलं होतं. पोलिसाचा फोन आला तेव्हा आर्डेलिया कोलार्डच्या पालेभाजीची पानं धूत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला आणि उरलेली पानं धुतली. तीनदा पाणी बदललं. दोन पाण्यांत त्यांची वाळू निघत नाही.

तेव्हापासून ते तसंच चाललं होतं. अंत्यविधीला लोक ओक्साबोक्शी रडले. आर्डेलियानं पाहिलं की शवपेटी उचलणाऱ्या एकाच्या एका बुटाची नाडी काळी आहे आणि दुसऱ्या बुटाची तपकिरी. ते तिच्या लक्षात राहिलं. पाळकांनी काय वाचलं ते राहिलं नाही. ती जेवत होती, झोपत होती, इस्त्री करत होती. कॉफी गरम आहे की निवली आहे हे तिला कपातून वाफ येते का ते बघून ठरवावं लागायचं. सकाळी उठल्याबरोबर गुडघे टेकायची सत्तर वर्षांची सवय, तीही सुटली नव्हती. प्रभूची प्रार्थना ती पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत म्हणायची, पूर्वी बाकांवरून नजर फिरवायची तशी. एक शब्द गळायचा नाही. आणि एक शब्द आत पोचायचा नाही.

"केवढी खंबीर बाई," चर्चमधल्या बाया म्हणायच्या.

खंबीर म्हणवून घ्यायला तिची हरकत नव्हती. दुसरा शब्द तिच्याजवळही नव्हता.

संस्थापक-दिनाला बारा दिवस उरले असताना ती दुपारी भोजनगृहाच्या मागच्या दारानं आत शिरली. तिथली मुख्य स्वयंपाकीण ओडेसा तिची शाळेपासूनची मैत्रीण. ओडेसानं तिच्यापुढं ताट ठेवलं, भात, रश्श्यातलं चिकन, मक्याचा पाव, आणि समोर बसकण मारली.

"खा. त्या कोंबडीकडं बघत काय बसलीस? ती काही उठून जात नाही आता."

आर्डेलियानं एक घास खाल्ला.

"मीठ बरोबर आहे?"

"असेल."

"असेल म्हणे! चाळीस वर्षं माझ्या मिठाला नावं ठेवलीस आणि आता असेल." ओडेसानं पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले. "बरं, एक विचारू? लेमचं कार्ड लिहिलंस?"

"तो पदवीधर नाही."

"अगं, माहितीय मला तो पदवीधर नाही. अख्ख्या गावाला माहितीय. मी विचारलं, कार्ड लिहिलंस का."

"नियम तोच आहे, ओडेसा."

"नियम कुणी केला?"

"मी केला नाही."

"पाळला कुणी?" ओडेसा पुढं वाकली. "आर्डेलिया, मी तुला लहानपणापासून ओळखते. तू प्रामाणिक आहेस, देवभीरू आहेस, सगळं आहेस. पण तुला आतडं दिलंय का देवानं, हे मला अजून कळलेलं नाही."

आर्डेलियानं मक्याचा पाव मोडला. शब्द टोचायला पाहिजे होते. ती थोडा वेळ वाट बघत राहिली, टोचतात का म्हणून. मग म्हणाली, "मीठ थोडं कमी आहे."

"चला," ओडेसा उठली, "एवढं तरी."

ती गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. लेमचं शेवटचं सत्र. सगळ्या विषयांत पास, झगा शिवून आलेला, दाराच्या खुंटीला अडकवलेला. आणि वहीत त्याच्या नावापुढे पाच फुल्या. चार त्यानं मान्य केल्या. सकाळी उठवलं नाही, गाडी बंद पडली, पोरासोरांची कारणं. पाचवी नाही.

"त्या दिवशी मी होतो, ममा."

"तुझी जागा रिकामी होती."

"जागेवर नव्हतो. पण आत होतो."

"मी वरून अख्खं चॅपल बघते, लेम."

"अख्खं नाही दिसत तुला."

"उलट बोलू नकोस."

तो गप्प झाला. तिथंच ते संपलं. नंतर कितीतरी वर्षं तिला वाटायचं की तो गप्प झाला कारण खोटं बोलत होता. जुन्या अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं होतं. "मिस आर्डेलिया, पोरगा तुमचा आहे," ते म्हणाले होते. "म्हणूनच," ती म्हणाली होती. त्या रविवारी पाळकांनी उपदेशात तिचं नाव घेतलं. जिनं स्वतःच्या पोटच्या पोरालाही सूट दिली नाही अशी बाई, म्हणाले. लोकांनी आमेन म्हटलं. तिच्या डोक्यावर पांढरी टोपी होती आणि मान ताठ होती.

लेम भांडला नाही. पुढच्या सत्रात येईन, चोवीस वेळा बसेन आणि पदवी घेईन, म्हणाला. उन्हाळ्यात ट्रक चालवायला लागला आणि मग आलाच नाही. लग्न केलं, ते टिकलं नाही; मूलबाळ झालं नाही. दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा. "जेवलीस का, ममा?" नाताळात यायचा, ओसरीची पायरी ठोकून द्यायचा, पन्हळ साफ करायचा. चॅपलवरून गाडी नेताना तिकडं बघायचा नाही, एवढंच. झगा ती कापूर घालून ठेवत आली होती.

अध्यक्षांनी तिला त्याच आठवड्यात बोलावलं. आताच्या अध्यक्ष डॉ. व्हिटली गेडनीतच शिकलेल्या, पन्नाशीच्या, खुर्ची सोडून पाहुण्याच्या शेजारी येऊन बसणाऱ्या.

"मिस आर्डेलिया, तुम्ही मला शेवटच्या वर्षी तीन फुल्या दिल्या होत्या. अजून आठवतं."

"चार. चौथी तुम्ही झोपून राहिलात त्या गुरुवारची."

डॉ. व्हिटली हसल्या, मग थांबल्या. "मी ओडेसाशी बोलले. लेमुएलचं नाव या रविवारी... म्हणजे पुढच्या रविवारी, घेऊ या आपण. मानद म्हणून. मंडळाला मी सांगते. कुणी ब्र काढणार नाही."

"मानद मेलेला कसा असेल?"

"तसं नाही हो..."

"माझ्या दारात कितीतरी आया येऊन रडल्यात, डॉक्टर. कुणाचा नवरा अंथरुणाला होता, कुणाच्या पोरानं रात्रपाळी करून शिक्षण केलं होतं. मी एकीलाही हो म्हटलं नाही. आता स्वतःला कसं म्हणू?"

"ती तुमची शिक्षा आहे का? स्वतःला?"

आर्डेलियानं यावर विचार केला. शिक्षा असती तर दुखलं असतं. "नाही," ती म्हणाली. "पण सूट म्हणून त्याचं नाव नको. त्याला मेहेरबानी आवडायची नाही. आणि मला त्या कार्डावर खोटं साल लिहिता येणार नाही."

जाताना तिनं दार आपल्यामागे हळूच ओढून घेतलं. तिला नाव ऐकायचं होतं. ते तिला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं, तहान लागल्याचं कळावं तसं. ओडेसाला सांगण्यासारखं ते नव्हतं, अध्यक्षांना तर नव्हतंच. त्या चॅपलमध्ये, त्या सगळ्या माणसांसमोर, लेमुएल मोब्ली हे नाव आणि त्याच्यामागे साल. पण खरं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या दोन-तीन बाया अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी प्रभुभोजनाची भाकर आणि रस घेऊन जातात. त्या रविवारी आर्डेलियाच्या वाट्याला सीफस टॉलिव्हर आले. एक्क्याण्णव वर्षांचे. कॉलेजच्या बॉयलरवर त्यांनी हयात काढली होती. लेमच्याच शेवटच्या वर्षी निवृत्त होऊन मुलीकडे सव्हानाला गेले, आणि आता मुलीलाच घेऊन गावात परत आले होते. गावात मरायला, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

"ये पोरी, बस," म्हाताऱ्यानं चाकाच्या खुर्चीतून हात केला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. "काय आणलंयस? द्राक्षाचा रसच ना? चर्च अजून तेच पाणचट पाजतंय?"

"तेच."

"मला वाटलं मरायच्या आत एकदा तरी खरं मिळेल." मग त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "लेमचं ऐकलं. मुलीनं सांगितलं. फार वाईट झालं. चांगला पोरगा होता तो."

"हो."

"या हाताला विचार." त्यांनी डावा हात पुढं केला. हाताच्या मागची कातडी मनगटापर्यंत गुळगुळीत आणि फिकी होती. "हे बिशपच्या दिवसाचं. आठवतं तुला, तो आफ्रिकेतून आलेला बिशप? तूच बोलावला होतास."

आठवत होतं. फेब्रुवारीतला गुरुवार, बाहेर बर्फाचा पाऊस. दीड वर्ष पत्रं लिहून तिनं त्या बिशपांना आणलं होतं. आणि ते उपदेशाला उभे राहतात न राहतात तोच वाफेचा पाइप ठोकायला लागला होता. कुणी हातोड्यानं मारावं तसा. एकदा, दोनदा, तीनदा. तिनं वर डोळे मिटून देवाचा धावा केला होता, आणि पाइप थांबला होता.

"माझा तो व्हॉल्व्ह सैल झालेला," टॉलिव्हर सांगत होते. "सज्ज्याच्या खाली, जमिनीत जाळी आहे ना, तिथं. मी पान्हा लावून दाबून धरायला गेलो तर वाफ हातावर. पान्हा सुटला. लेम उशिरा आला होता, मागच्या दारातून. त्यानं बघितलं, खाली बसला, कोटाची बाही हातावर ओढली आणि पान्हा धरला. मला म्हणाला, तुम्ही जा, हात पाण्यात घाला. मी म्हटलं, अरे, जाऊन जागेवर बस, तुझी आई वर बसलीय."

ते थांबले. दम लागला होता.

"मग?" आर्डेलिया म्हणाली.

"म्हणतो कसा, 'म्हणूनच. मी सोडलं तर पाइप बोलेल, आणि पाइप बोलला तर ममाचा बिशप बिघडेल.' पाऊण तास धरून बसला होता तिथं, वाकून. वर तुझ्या बुटांचा आवाज यायचा त्याला. मी परत आलो तर हसत होता. म्हणाला, ती पाय हलवतेय, म्हणजे उपदेश आवडलाय तिला." म्हाताऱ्यानं मान हलवली. "तुला सांगितलं असेल की त्यानं."

"सांगितलं."

"हां. मग ठीक."

तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. रसाचा छोटा पेला दिला. त्यांनी डोळे मिटले. तिनं प्रार्थना म्हटली. एक शब्द गळला नाही.

जुन्या हजेरीच्या वह्या चॅपलच्या तळघरात लोखंडी कपाटात होत्या. सोमवारी सकाळी आर्डेलियानं अठ्ठ्याण्णवची वही काढली आणि खिडकीशी नेली. पान लगेच सापडलं. माथ्यावर तिच्याच अक्षरात बिशपांचं नाव, खाली अधोरेखित. डावीकडची नववी ओळ, चौथी जागा, मोब्ली लेमुएल. त्याच्यापुढे फुली. नेटकी होती. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या.

वही मिटून ती वर सज्ज्यात गेली. खुर्चीत बसली आणि कठड्यावरून खाली पाहिलं. बाक, ओळी, आकडे, मधली वाट, वेदी. मग खुर्चीतून न उठता पायाखाली पाहिलं. लाकडी फळ्या. त्यांच्याखाली किती जागा होती? भिंतीपासून खांबापर्यंत असेल दहा पावलं. तिथं दाराशी उभं राहणारे असायचे, उशिरा आलेले, रडणारं मूल घेऊन आलेल्या, खोकला लागलेले. एकेचाळीस वर्षांत त्या दहा पावलांत आणखी किती जण उभे होते, हा विचार तिच्या मनात आला आणि मनातच राहिला. तिनं वाट पाहिली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. छातीत, नाहीतर डोळ्यांत. खाली कुणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घटवत होतं. ती संपेपर्यंत ती बसली. मग उठून कामाला लागली.

काम तिला येत होतं. चॅपलची नियमावली तिनंच टाइप केली होती. कॉलेजच्या नोकरीतल्या कुणी लेखी दिलं की अमुक विद्यार्थी उपासनेच्या वेळी चॅपलच्या आत होता, तर फुली रद्द. वाद्यं उचलणाऱ्या, दारावर उभं राहणाऱ्या पोरांसाठी तिनं स्वतः ते कलम कितीदा वापरलं होतं. तिनं टॉलिव्हरांचं निवेदन लिहून काढलं, सहा ओळींचं, आणि बुधवारी त्यांच्याकडे गेली. त्यांनी ते भिंगातून दोनदा वाचलं.

"म्हणजे तुला माहीत नव्हतं?" ते म्हणाले.

"त्यानं सांगितलं होतं. मी विचारलं नाही."

म्हाताऱ्यानं भिंग खाली ठेवलं. मग भाजलेल्या हातानं कागद दाबून धरून दुसऱ्या हातानं सही केली. सहीला पूर्ण एक मिनिट लागलं. "मी तेव्हाच लिहून दिलं असतं ना गं," म्हणाले. "कुणी मागायला पाहिजे होतं."

"हो," आर्डेलिया म्हणाली.

गुरुवारी तिनं वही आणि कागद डॉ. व्हिटलींच्या टेबलावर ठेवले. "मी सूट मागायला आलेली नाही. चूक दुरुस्त करायला आले आहे. माझी."

डॉ. व्हिटलींनी वाचलं. चष्मा काढला. "म्हणजे फुल्या चार."

"चार."

"म्हणजे तो... मिस आर्डेलिया, म्हणजे तो त्याच मे महिन्यात पदवीला पात्र झाला होता."

"हो. सव्वीस वर्षांपूर्वी."

डॉ. व्हिटलींचे डोळे भरून आले. त्यांनी हात पुढं करून आर्डेलियाचा हात धरला. तो हात आपलाच आहे हे आर्डेलियाला दिसत होतं. अंगठी सैल झाली होती. "पदवीचा कागद मंडळाकडून येईल, त्याला वेळ लागेल," अध्यक्ष म्हणाल्या. "पण कार्ड आजच लिहा."

तिनं तिथंच, त्यांच्याच टेबलावर, वहीतली फुली एका आडव्या रेघेनं खोडली, शेजारी तारीख घातली, सही केली. मग कचेरीत येऊन कार्ड लिहिलं. मोब्ली, लेमुएल. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. अक्षर इतर एकतीस कार्डांसारखंच आलं. ते तिनं सालाप्रमाणे जागेवर घातलं आणि पेटी मिटली.

संस्थापक-दिनाला थंडी परतून आली होती. पांढऱ्या कपड्यांवर काळे कोट चढवून बायका चॅपलच्या पायऱ्यांवर एकमेकींच्या टोप्यांची तारीफ करत उभ्या होत्या. ओडेसानं तिला गाठलं.

"टोपी जुनीच का?"

"टोपी चांगली आहे."

"चांगली आहे गं. दरवर्षी चांगलीच असते." ओडेसानं तिच्या खांद्यावरचा धागा काढून टाकला. "वर जातेस ना? माझ्या गुडघ्यांची वाट लागली नसती तर मीही आले असते तुझ्याशेजारी."

"तू गायकवृंदात बस. मी जाते."

सज्ज्यातली तिची खुर्ची संस्थापक-दिनी अजून तिच्यासाठी पुसून ठेवत. ती जिन्याशी गेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि काढला. मग दाराच्या डावीकडून आत शिरून सज्ज्याच्या खाली गेली. तिथं टॉलिव्हरांची चाकाची खुर्ची आधीच लावलेली होती, मांडीवर शाल, मागं मुलगी.

"अगं, तू इथं?" म्हातारा म्हणाला. "इथून काही दिसत नाही."

खरंच दिसत नव्हतं. सज्जा खाली आलेला, मधे खांब. पाळक फक्त कमरेपर्यंत दिसत होते, खिडकीतल्या रंगीत काचेचा अर्धाच येशू, गायकवृंदाचे बूट. माथे नव्हतेच, सगळ्यांच्या पाठी. ती जाळीजवळ उभी राहिली. वरच्या फळ्यांतून कुणाची तरी पावलं वाजली आणि थांबली.

गीतं झाली, उपदेश झाला. मग पाळकांनी पेटी उघडली आणि हजेरी सुरू झाली. सर्वांत जुनं साल एकोणीसशे एक्कावन्नचं. "हजर," एक थरथरता आवाज. पुढचं. "हजर." पुढचं. एकदा कुणीच बोललं नाही, तेव्हा मागच्या बाकावरचं एक अनोळखी पोरगं म्हणालं, "हजर." आर्डेलिया सवयीनं मोजत होती. चोवीस. पंचवीस. सव्वीस.

"लेमुएल मोब्ली. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव."

चॅपलमध्ये हालचाल झाली. ज्यांना माहीत होतं त्यांनी शेजारच्यांकडं पाहिलं. मग सगळ्याच माना वळल्या, मागं आणि वर, सज्ज्याकडे, कठड्याजवळच्या खुर्चीकडे.

खुर्ची रिकामी होती.

"हजर," आर्डेलिया खालून म्हणाली.

आवाज नेहमीचाच होता, कचेरीतला. पाळकांना तो कुठून आला ते कळलं नाही. त्यांनी कार्डावरून वर पाहिलं, सज्ज्याकडे, मग बाकांवर. उपदेशाच्या व्यासपीठावरून सज्ज्याच्या खालचं दिसत नाही. त्यांनी घसा साफ केला आणि नाव पुन्हा वाचायला घेतलं. "लेमुएल..."

"तो आहे," ती म्हणाली, मोठ्यानं. "इथं. खाली आहे. हजर."

आता माना खाली वळल्या. गायकवृंदातून ओडेसाचा हुंदका आला, तोंडावर हात दाबल्यासारखा. टॉलिव्हरांनी भाजलेला हात उचलला, जणू साक्ष द्यायला, आणि तसाच धरून ठेवला. पाळकांनी मान लववली आणि कार्ड उलटं करून ठेवलं. पुढचं नाव घेतलं. दोन हजार तीन. कुणीतरी म्हणालं, "हजर."

आर्डेलिया उभीच राहिली. रडू आलं नाही. तिनं त्याची वाटही पाहिली नाही. चार नावं उरली होती, ती तिनं मोजली. मग तिच्या लक्षात आलं की पायांना काहीतरी होतंय. पातळ तळव्यांच्या पांढऱ्या बुटांतून, आधी टाचेला, मग पावलाला. बॉयलर चालू होता आणि ती बरोबर जाळीच्या कडेवर उभी होती. ऊब वर येत होती.

"त्याला इथं आवडायचं," टॉलिव्हर हळू आवाजात म्हणाले. "थंडीत."

तिनं दुसरा पायही जाळीवर घेतला.